'पित्या, प्रभू, पित्या...' आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की मोठ्यानं प्रार्थना करताना आपण सगळे तीच ती ठरलेली वाक्यं बोलतो, आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. काही पत्रं रागावलेली आहेत, काही वाचून हसू आलं, एक-दोन वाचून मात्र पुढचं पत्र लगेच उघडावंसं वाटलं नाही. नावं कुणाचीच छापत नाही, कारण बहुतेकांनी स्वतःपेक्षा दुसऱ्या कुणाबद्दल जास्त लिहिलंय आणि ती माणसं पण हा अंक वाचत असणारच.

प्रश्न : ताई, आमच्या प्रेयर ग्रुपमधे एक भाऊ आहेत, माणूस फार चांगला, पण प्रार्थना करायला लागले की दर चार शब्दांनी 'पित्या', 'प्रभू', 'हो पित्या'. म्हणजे असं की 'पित्या आम्ही तुझे आभार मानतो पित्या, की तू आम्हाला पित्या आज इथे एकत्र आणलंस प्रभू पित्या'. एकदा मी मोजायलाच लागले आणि नंतर मलाच लाज वाटली, कारण प्रार्थना कशासाठी चालली होती तेच मला सांगता आलं नसतं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूनं निरर्थक बडबड करू नका म्हटलंय, हे त्यातच येतं ना? आणि यांना सांगायचं कसं?

त्यांना लगेच त्या खान्यात टाकू नका. मत्तय ६:७ नीट वाचलं तर तिथे येशूचा आक्षेप आहे तो एका समजुतीवर, की भरपूर बोललं म्हणजे देव ऐकतो, म्हणजे शब्दांचा ढीग घालून देवाला वळवायचं. १ राजे १८ मधे कर्मेल डोंगरावर बआल या परक्या देवाचे संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत 'हे बआला, आमचं ऐक' म्हणत नाचत राहतात, अंगावर वार करून घेतात, आणि परमेश्वराचा संदेष्टा एलीया त्यांची टिंगल करतो, ते चित्र डोळ्यासमोर आणा. तुमचे हे भाऊ असलं काही करत नाहीयेत. ते श्वास भरून घेतायत, बस.

चार माणसांसमोर बोलताना पुढचं वाक्य डोक्यात तयार होईपर्यंत तोंडाला काहीतरी लागतं. गप्पा मारताना आपण 'म्हणजे', 'काय आहे ना', 'तर' असलं काहीतरी घुसवतो. प्रार्थनेत ते घुसवता येत नाही, मग सगळ्यात जवळ जो शब्द असतो तो येतो, आणि तो नेमका देवाचं नाव असतो. म्हणून हे कानाला जास्त खटकतं, आणि खटकायलाच हवं असं माझं मत आहे. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही आज्ञा (निर्गम २०:७) म्हटली की आपल्याला खोट्या शपथा आणि शिव्या आठवतात, पण ज्या नावाला आपण इतकं मानतो ते दोन शब्दांमधली मोकळी जागा भरायला वापरायचं हे पण काही त्या नावाला शोभणारं नाही. याला मी पाप वगैरे म्हणणार नाही. पण फोनवर एखादा माणूस दर वाक्याला तुमचं नाव घेऊन बोलायला लागला तर पाच मिनिटांत तुम्हाला वाटेल की हा माझ्याशी बोलतोय की काही विकतोय!

आता तुम्हाला मोजायची आवड आहेच तर एक चांगली गोष्ट मोजून बघा. योहान १७ हा अध्याय म्हणजे जवळजवळ पूर्णच्या पूर्ण येशूची प्रार्थना, शुभवर्तमानात त्याची इतकी लांब प्रार्थना दुसरी नाही. २६ वचनं आहेत आणि त्यात तो 'पित्या' अशी हाक मारतो सहा वेळा. आणि ती हाक उगाच कुठेही येत नाही. शिष्यांना सांभाळ असं मागताना 'पवित्र पित्या' म्हणतो, जगानं तुला ओळखलं नाही हे बोलताना 'न्यायी पित्या' म्हणतो, म्हणजे हाकेतच त्या मागण्याचं कारण आलंय. आणि त्यानं शिकवलेल्या प्रार्थनेत तर हाक एकदाच आहे, सुरुवातीला, नंतर सरळ मागण्या. प्रेषितांची कृत्ये ४:२४ मधे मंडळीला धमक्या मिळाल्यात तेव्हा ते लोक आकाश, पृथ्वी, समुद्र ज्यानं केलं त्या प्रभूला हाक मारतात, कारण त्या क्षणी त्यांना हेच आठवायचंय की धमकी देणाऱ्यांपेक्षा मोठा कुणीतरी आहे. जुन्या उपासना-पुस्तकांतल्या लहान प्रार्थना याच घडणीच्या असतात : आधी हाक, मग देवाचा एखादा गुण किंवा त्यानं केलेलं काम, मग त्याला धरून एक मागणी, आणि शेवट ख्रिस्ताच्या द्वारे. ज्यांना मोठ्यानं प्रार्थना करायची भीती वाटते त्यांनी ही घडण एकदा पाठ करून बघावी, फार उपयोगी आहे.

मग परत परत हाक मारणं चुकीचंच का? नाही हो. दानीएल ९:१९ वाचा, एकाच वचनात 'हे प्रभू ऐक, हे प्रभू क्षमा कर, हे प्रभू लक्ष दे' असं तीनदा येतं, आणि त्यातलं एक काढलं तरी वचन लंगडं होईल, कारण तो माणूस उपास करून, गोणपाट नेसून आपल्या लोकांसाठी कळवळून बोलतोय. वधस्तंभावर 'माझ्या देवा, माझ्या देवा' असं दोनदा आहे ते स्तोत्र २२ चं पहिलं वाक्य, त्यातला एक 'माझ्या देवा' कोण काढेल. थोडक्यात, आकड्याला अर्थ नाही, ती हाक बोलणाऱ्याच्या पोटातून आलीये की सवयीनं आलीये एवढंच बघायचं, आणि ते दुसऱ्याच्या बाबतीत आपल्याला फार कळत नाही.

सांगायचं कसं, तर त्यांना थेट सांगूच नका, निदान प्रार्थना संपल्या संपल्या तर अजिबात नको. ज्याला प्रार्थनेवरून टोकलं जातं तो माणूस पुढे कित्येक महिने तोंड उघडत नाही, हे बऱ्याच ग्रुपमधे झालंय. त्यापेक्षा ग्रुपच्या लीडरनं सगळ्यांसाठी म्हणून सांगावं की प्रार्थनेत मधे थांबलं तरी चालेल, दोन-चार सेकंद कुणी काही बोललं नाही तर कुणाला अवघडायचं कारण नाही. यातली अर्धी 'पित्या पित्या' ही शांततेच्या भीतीनं आलेली असते. थांबायची मुभा मिळाली की ती आपोआप गळतात. आणि तुम्ही मात्र मोजणं बंद करा, त्यांच्या मागणीला आमेन म्हणायला तुम्ही तिथे बसलायत.

प्रश्न : मी रोज रात्री झोपताना तेच म्हणते. 'प्रभू, आजचा दिवस दाखवलास म्हणून तुझे आभार, घरच्यांना सांभाळ, आजाऱ्यांना बरं कर, उद्याचा दिवस तुझ्या हाती सोपवते, येशूच्या नावानं, आमेन.' कित्येक वर्षं हेच. हल्ली मधेच लक्षात येतं की तोंड चालू आहे आणि डोक्यात उद्याच्या कामांची यादी. मग वाटतं देवाला हे रेकॉर्डिंग वाटत असेल. नवीन शब्द आणायला गेले की खोटं खोटं वाटतं, भाषण केल्यासारखं. काय करू?

ताई, तुमची प्रार्थना मला चांगली वाटली, खरंच. आभार आहेत, दुसऱ्यांसाठी मागणं आहे, सोपवणं आहे. चांगल्या प्रार्थना याहून फार वेगळ्या नसतात.

तेच ते शब्द वापरण्याची एवढी भीती आपल्यात कुठून आली कोण जाणे, कारण बायबलमधे ती नाहीये. पकडलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशू तिसऱ्यांदा जाऊन प्रार्थना करतो तेव्हा मत्तय २६:४४ मधे स्पष्ट लिहिलंय की तो पुन्हा त्याच शब्दांनी बोलला. आयुष्यातली सगळ्यात कठीण रात्र आणि शब्द तेच. स्तोत्र १३६ काढा, २६ वचनं आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याची दया सनातन आहे हीच ओळ, कारण ते लोकांनी एकत्र म्हणायचं गाणं आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅशियन या साधूनं इजिप्तच्या वाळवंटातल्या मठवासींकडून शिकलेली एक गोष्ट लिहून ठेवलीये, ती अशी की स्तोत्र ७० चं पहिलं वचन, 'देवा, माझ्या साहाय्याला ये, परमेश्वरा, मला मदत करायला त्वरा कर', हे एकच दिवसभर म्हणत राहायचं, काम करताना, भूक लागली तरी, मोह झाला तरी, झोप येत नसली तरी. कॅथलिक नित्य प्रार्थनेची सुरुवात आजही त्याच वचनानं होते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमधे 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्या पाप्यावर दया कर' ही ओळ लोक श्वासाबरोबर म्हणतात, तिचं मूळ लूक १८ मधल्या जकातदाराच्या प्रार्थनेत आणि यरीहोच्या रस्त्यावर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाच्या ओरडण्यात आहे.

आणि उत्तर आफ्रिकेतला बिशप संत ऑगस्टीन, त्याचं तर मला फार आवडतं. रोममधली प्रोबा नावाची एक श्रीमंत विधवा त्याला विचारते की प्रार्थना कशी करू, तेव्हा साधारण इ. स. ४१२ च्या सुमाराला तो तिला मोठं पत्र लिहितो. त्यात तो इजिप्तमधल्या मठवासी भावांचं सांगतो की ते वरचेवर पण अगदी छोट्या, भाल्यासारख्या फेकलेल्या प्रार्थना करतात, म्हणजे मन बोथट व्हायच्या आत ती संपते. आणि पुढे म्हणतो की खूप बोलणं वेगळं आणि मनाची ओढ खूप वेळ टिकणं वेगळं. तुमची प्रार्थना त्या मानानं भाल्याएवढीच आहे, लांबीचा प्रश्नच नाही.

तरी तुमची अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. यशया २९:१३ मधे देव म्हणतो की हे लोक ओठांनी माझा मान करतात पण त्यांचं मन माझ्यापासून दूर आहे, आणि येशूनं तेच वचन परत सांगितलं. पण तुम्हाला ते दूर गेल्याचं जाणवतंय ना? ज्याला जाणवत नाही त्याच्यासाठी ते वचन जास्त आहे.

करून बघायला एक गोष्ट सांगते. वाक्यं तीच ठेवा, फक्त रोज त्यातलं एक उघडा. 'घरच्यांना सांभाळ' म्हणालात की थांबा, आज कोणाला आणि कशापासून? मुलगा गप्प गप्प आहे का, नवऱ्याची नोकरी धोक्यात आहे का, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय का, तेवढं एक नाव आणि एक गोष्ट बोला. दुसऱ्या दिवशी 'आजाऱ्यांना बरं कर' हे उघडा, कोण आजारी, काय झालंय. बाकीची वाक्यं तशीच जाऊ देत. आणि डोक्यात उद्याची कामं आली तर परत पहिल्यापासून सुरू करायचं नाही, तीच कामं त्या 'उद्याचा दिवस तुझ्या हाती सोपवते' मधे घाला, एकेक, नावानिशी. काम लक्षात आलंच आहे तर तेच मागा.

अजून एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. एखादा दिवस असा येतो की स्वतःचे शब्दच नसतात, माणूस गेलेलं असतं किंवा रिपोर्ट हातात असतो. रोमकरांस पत्र ८:२६ मधे पौल म्हणतोच की काय मागावं हे आपल्याला कळत नाही. त्या दिवशी ही घासून गुळगुळीत झालेली वाक्यंच हाताशी येतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची सेवा करणारे पुष्कळ जण सांगतात की ज्यांना मुलांची नावं आठवत नाहीत ते पण 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं की सोबत म्हणायला लागतात. हे रोजच्या त्याच त्या म्हणण्यामुळेच होतं.

प्रश्न : प्रार्थनेच्या शेवटी 'येशूच्या नावानं मागतो' म्हणायचं मी एकदा विसरलो आणि थेट आमेन म्हटलं, तर एका भावानं नंतर बाजूला घेऊन सांगितलं की ती प्रार्थना पोचली नाही. खरं आहे का?

नाही. आणि हे असं बाजूला घेऊन सांगणाऱ्यांचं मला जरा आश्चर्यच वाटतं, कारण स्वतः येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत ते शब्द नाहीत. प्रे. कृत्ये ७ मधे स्तेफन मरताना 'हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर' म्हणतो, पाण्यात बुडता बुडता पेत्र 'प्रभूजी, मला वाचवा' एवढंच ओरडतो, तिथे शेवट जोडायला वेळ कुणाकडे होता.

वाक्य आलं कुठून ते मात्र पक्कं आहे : योहान १४ ते १६, येशू शेवटच्या रात्री शिष्यांना म्हणतो माझ्या नावानं मागा. कुणाच्या नावानं मागणं म्हणजे त्याच्या हक्कावर, त्याच्या वतीनं आणि त्याला पटेल असं मागणं. ते प्रार्थनेच्या पहिल्या शब्दापासून खरं असायला पाहिजे, शेवटच्या ओळीत लावायचा शिक्का नाही तो. नावाचा नुसता मंत्र केला तर काय होतं त्याची गोष्ट प्रे. कृत्ये १९ मधे आहे, स्किवाचे सात मुलगे 'पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ' घालून दुष्ट आत्मा काढायला जातात आणि तो आत्मा म्हणतो येशूला मी ओळखतो, पौलाची पण मला माहिती आहे, पण तुम्ही कोण? मग त्यांना उघडंनागडं जखमी होऊन पळावं लागतं.

तरी मी स्वतः ते वाक्य म्हणते आणि तुम्हीही म्हणा. चारचौघांत त्याचा साधा उपयोग असा की ऐकणाऱ्याला कळतं आता आमेन म्हणायचंय. फक्त सवय असेल तर ते भराभर गिळू नका. कित्येक जण तेवढं वाक्य एका श्वासात असं संपवतात की त्यात येशू कुठे आहे तेच ऐकू येत नाही.

प्रश्न : काही चर्चमधे प्रभूच्या प्रार्थनेच्या ('हे आमच्या स्वर्गातील पित्या') शेवटी 'कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सदासर्वकाळ तुझी आहेत' म्हणतात, कॅथलिक मैत्रीण तिथे थांबते आणि मी एकटीच पुढे बोलत राहते. बरोबर कोण?

दोघी. सायनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या मोठ्या हस्तलिखितांत मत्तय ६:१३ मधे ती ओळ नाही, लूक ११ मधल्या प्रार्थनेत तर नाहीच. पण 'डिडाखे' नावाचं फार जुनं ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक आहे, त्यात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलंय आणि तिथे शेवटी सामर्थ्य आणि गौरव तुझं आहे अशी ओळ आहे, 'राज्य' नाही. म्हणजे लोक एकत्र जमून प्रार्थना म्हणायचे, शेवटी देवाची स्तुती जोडायचे, आणि ती जोडायची सवय इतकी पक्की झाली की पुढच्या काळातल्या हस्तलिखितांत ती मजकुरातच जाऊन बसली. ठरलेल्या वाक्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, जगभरातले प्रॉटेस्टंट रोज जी ओळ म्हणतात ती बहुधा एक सवयीचा वाक्प्रचारच आहे, आणि किती सुंदर आहे. कॅथलिक लोकही मिस्सामधे, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, ती म्हणतात, फक्त मधे धर्मगुरू एक छोटी प्रार्थना म्हणतो आणि मग सगळे ती ओळ म्हणतात, म्हणून तुमची मैत्रीण थांबते. पुढच्या वेळी तिच्याबरोबर थांबा.

प्रश्न : मोठ्या माणसांना आपण 'अहो' म्हणतो आणि देवाला 'तू'? लहानपणापासून म्हणतोय पण आता मुलीनं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

मुलीला विचारा ती आईला काय म्हणते. मराठीत 'तू' दोन टोकांना चालतं, फार खाली आणि फार जवळ, आणि प्रार्थनेतलं 'तू' हे जवळचं. मार्क १४:३६ मधे येशू 'अब्बा' म्हणतो, तो घरात बापाला मारायच्या हाकेचा शब्द. फ्रेंच कॅथलिकांची गंमत अशी की ते प्रभूच्या प्रार्थनेत देवाला आदरार्थी रूप वापरायचे आणि १९६६ मधे त्यांनी ते बदलून 'तू' केलं, तेव्हा जुन्या लोकांना ते चांगलंच झोंबलं असणार. इंग्रजीत उलटं झालं, तिथलं जुनं 'तू' बोलण्यातून गेलं आणि फक्त प्रार्थनेत उरलं, म्हणून आता तेच भारदस्त वाटतं. कुणाला 'आपण' म्हणून प्रार्थना करावीशी वाटली तर जरूर करावी, देव काही क्रियापदं तपासत बसलेला नाही.

प्रश्न : माझी आई आजारी आहे. मी प्रार्थनेत 'प्रभू, तुझी इच्छा असेल तर तिला बरं कर' म्हणते. आमच्या संगतीतली एक बहीण म्हणाली की 'इच्छा असेल तर' म्हणणं म्हणजे अविश्वास, म्हणूनच गुण येत नाहीये. तेव्हापासून प्रार्थना करताना माझी जीभ अडखळते.

हे पत्र वाचून मला त्या बहिणीचा राग आला, तो इथे लिहून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल. आजारी माणसाच्या लेकीला तुझ्या एका वाक्यामुळे आई बरी होत नाही असं सांगायचा अधिकार कुणालाच नाही.

आता शास्त्रात काय आहे ते बघा. मार्क १:४० मधे कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकून नेमकं हेच म्हणतो, आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात. येशू त्याला अविश्वासी म्हणत नाही, त्याला कळवळा येतो, तो हात लावतो आणि म्हणतो माझी इच्छा आहे, शुद्ध हो. मार्क ९ मधे मुलाचा बाप वेगळं बोलतो, तुम्हाला काही करता येत असेल तर करा, आणि येशू टोकतो ते तिथे, त्या 'करता येत असेल तर' ला. म्हणजे देवाच्या शक्तीवर शंका वेगळी आणि त्याच्या इच्छेला मान देणं वेगळं. आणि त्या बापाला टोकल्यावरही, माझ्या अविश्वासाला मदत करा असं तो रडून ओरडला तेव्हा त्याचा मुलगा बरा झालाच. १ योहान ५:१४ मधे तर देवाच्या इच्छेप्रमाणे मागणं हाच भरवशाचा पाया सांगितलाय.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं तपासून बघा, दोष म्हणून नाही. काही वेळा आपण 'इच्छा असेल तर' आधीच म्हणून टाकतो म्हणजे नाही मिळालं तर फार लागणार नाही. मार्क १४:३६ मधल्या गेथशेमानेतल्या प्रार्थनेत क्रम उलटा आहे. आधी 'तुला सर्व काही शक्य आहे', मग 'हा प्याला माझ्यापासून दूर कर', अगदी स्पष्ट, आणि त्यानंतर 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको'. मधलं वाक्य त्यानं गाळलं नाही. तुम्हीही गाळू नका, आईला बरं कर हे अगदी मोठ्यानं, हट्टानं मागा, दिवसातून कितीही वेळा. मग सोपवायचं ते सोपवा. आणि प्रार्थनेसाठी सध्या दुसऱ्या कुणासोबत बसता आलं तर बघा.

प्रश्न : प्रवासाला निघताना आमच्याकडे 'प्रभू, गाडीभोवती अग्नीचं कुंपण घाल, येशूच्या रक्तानं झाक' अशी प्रार्थना होते. बायबलमधे हे आहे का?

तुकड्या-तुकड्यांनी आहे. जखऱ्या २:५ मधे यरुशलेमेभोवती मी अग्नीचा कोट होईन असं परमेश्वर म्हणतो. कुंपण ईयोब १:१० मधे आहे, पण तिथे ते कोण बोलतंय ते बघा : सैतान. तू ईयोबाभोवती कुंपण घातलंयस म्हणून तो तुझं भय धरतो, अशी सैतानाची देवाकडे तक्रार आहे! आणि पुढे ते कुंपण निघतं, ईयोबाची काही चूक नसताना. रक्ताचं मूळ निर्गम १२ मधे कोकराचं रक्त लावलेल्या दारांच्या चौकटीत आणि नव्या करारातल्या क्षमेच्या शिकवणीत आहे, गाडीला ते लावणं हे नंतर आपण केलं. मनापासून म्हणत असाल तर म्हणा, माझी काही हरकत नाही, पण त्या वाक्यांनी विमा उतरवल्यासारखं वाटत असेल आणि नंतर काही बरंवाईट झाल्यावर 'आज कुंपणाची प्रार्थना राहिली' म्हणून कुणाला तरी दोष दिला जात असेल, तर त्यापेक्षा सरळ 'सांभाळून ने आणि सांभाळून आण' म्हणा. आणि चालवणाऱ्याची झोप झालीये का तेही विचारा.

प्रश्न : प्रार्थनेत सूचना देणाऱ्यांचं काय करायचं? 'प्रभू तुला ठाऊकच आहे की येत्या रविवारी आराधनेनंतर कमिटीची मीटिंग आहे आणि मागच्या वेळी काही जण आले नव्हते...'

हसले मी, आणि मग आठवलं की हे प्रत्येक मंडळीत आहे. देवाला ठाऊक आहे तर सांगताय कुणाला, एवढं विचारलं तरी पुरे. पण याचाच एक वाईट भाऊ आहे, त्याबद्दल जास्त कडक व्हा : 'प्रभू, आपली अमुक बहीण सध्या ज्या मोहात सापडलीये तिथून तिला सोडव'. तिच्या घरात काय चाललंय हे तोपर्यंत कुणाला माहीत नसतं, प्रार्थनेनंतर सगळ्यांना माहीत होतं, आणि डोळे मिटून सांगितल्यामुळे कुणी त्याला चहाडी म्हणत नाही. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, तो पण देवाचे आभार मानता मानता शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे बोट दाखवतोच की. सूचना प्रार्थनेआधी माईकवर द्या, आणि कुणाचं नाव घेऊन प्रार्थना करायची असेल तर आधी त्या माणसाला विचारा, नाही म्हणाला तर घरी एकट्यानं करा.